लॉनला सरी नसते

सणसरमध्ये सावळाराम तात्यांच्या तावडीतून सुटायचं कसं, हे लहानथोर सगळ्यांना माहीत होतं. पाचटाचं नाव काढायचं नाही, बस. पण तात्याही काही कमी नव्हते. बोलणं पावसावरून निघो, पोरीच्या स्थळावरून निघो की कुणाच्या कंबरदुखीवरून, ते बरोबर पाचटावर आणून सोडायचे. एकदा कुणाच्या दहाव्याला गेले, तर कावळा शिवायची वाट बघत बसलेल्या माणसांना पाचट कुजवायची रीत सांगायला लागले. कावळा शिवला, मंडळी उठली, तात्यांचं अजून निम्मंच झालं होतं.

बरं, माणूस खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. ऊस तुटून गेला की रानात वाळलेल्या पाल्याचा जाड थर राहतो, ते पाचट. तेव्हा सगळं शिवार ते पेटवून मोकळं व्हायचं. तात्यांनी एका साली काडीच ओढली नाही. पाचट उसाच्या दोन ओळींमधल्या सरीत दाबलं, वर युरिया फेकला, जिवाणूंचं पाणी शिंपडलं. गाव हसलं. "तात्यानं उंदरांची जत्रा भरवलीय" म्हणालं. पण खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक, असा फुटला, की हसणारेच बांधावर येऊन उभे राहायला लागले. त्या सालापासून तात्यांचं ठरून गेलं: जमिनीचं जमिनीला. आणखी एक गोष्ट ठरली. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण त्यांच्या बायकोला, द्वारकाबाईंना, ती पक्की ठाऊक होती. ती म्हणजे, सावळाराम कधी चुकत नाही.

पुढं गुडघे गेले, रान पोरांनी बघायला घेतलं. घरी बसून तात्या सुनांच्या भाजीच्या देठांत लक्ष घालायला लागले, तेव्हा पुतण्या दिग्विजयला घरातल्यांची दया आली. त्यानं बारामती-इंदापूर रस्त्याला लग्नकार्यासाठी जागा केली होती. आपल्या मुलीच्या नावानं पाटी लावली, 'राजनंदिनी लॉन्स'. कमान, स्टेज, स्वयंपाकाची शेड आणि मधे अर्धा एकर हिरवंगार गवत. "तात्या, आजपासून लॉन तुमच्या ताब्यात," म्हणाला.

तात्या खूश. घरातले त्याहून खूश.

गवत कापायच्या मशीनला मागं एक पिशवी होती. कापलेलं सगळं तिच्यात जाऊन पडायचं आणि शेजारच्या वस्तीवरची रंगूबाई ते शेळ्यांना न्यायची. तात्यांनी पहिल्याच दिवशी ती पिशवी काढून खुंटीला टांगली. रंगूबाई चादर घेऊन आली, तर म्हणाले, "बाई, आता न्हाय मिळायचं. जमिनीचं जमिनीला."

"आन् शेळ्यांचं?"

"शेळ्यांचं शेळ्यांनी बघावं."

रंगूबाईनं तोंडातल्या तोंडात काय म्हणायचं ते म्हटलं आणि गेली. पण तात्यांचं खरं ठरलं, हो. आठवड्याला कापायचं, बोटाच्या पेराएवढे तुकडे पडायचे, दोन दिवसांत मुळाशी जिरून जायचे. लॉन काळंभोर हिरवं झालं. खत कमी लागलं. दिग्विजय आल्यागेल्याला सांगायला लागला, की आमच्या तात्यांचा हात लागला की माती बोलते. झालं! तात्यांना आता पाचटाच्या जोडीला दुसरा विषय मिळाला.

मग चातुर्मास आला. लग्नं बंद, त्यातच तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं. लॉनकडं कुणी फिरकलं नाही आणि पावसानं गवत पोटरीला लागलं. तेवढ्यात तात्यांच्या नातीचं, उत्कर्षाचं, जमलं. मुलगा डाळजचा, ऋषिराज, बापाचा ऊस आहे, स्वतः बँकेत आहे. तुळशीची लग्नं लागली की साखरपुडा. उत्कर्षानं एकच हट्ट धरला. स्टेज नको, सोफा नको, तात्यांच्या लॉनवर बैठक घालून साखरपुडा करायचा.

नातीनं 'तात्यांच्या लॉनवर' म्हटलं आणि तात्यांचे गुडघे बरे झाले. दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतंय म्हणत ते मशीनवर जाऊन उभे राहिले आणि पोटरीभर गवत एका दमात मुळापर्यंत खरडून काढलं. लॉनवर वीतभर हिरवा थर पडला.

दिग्विजय म्हणाला, "तात्या, हे लई झालंय. उचलून टाकू."

"तू कारखान्याला ऊस घालतोस का मी?"

"दोघंबी घालतो."

"मग गप."

रंगूबाई पुन्हा चादर घेऊन आली. एवढं गवत पडलेलं बघून तिला राहवेना. "आता तरी द्या, तात्या. अति तिथं माती."

"मातीच करायचीय," तात्या म्हणाले. आणि त्यांनी रीतसर सगळं केलं. वर युरिया फेकला, जिवाणूंचं पाणी शिंपडलं, संध्याकाळी स्प्रिंकलर लावला. उसाच्या रानात जसं केलं होतं, तसंच, इंचभर इकडं-तिकडं नाही.

आठवडाभरात वास सुटला. कुबट, गोडसर. तात्या म्हणाले, कुजतंय, चांगलं लक्षण आहे. पुढं वर बुरशी दिसली. तात्या म्हणाले, जिवाणू कामाला लागले. पण रात्री त्यांना झोप लागेना, हेही खरं. साखरपुडा तोंडावर आला, तसं एका सकाळी त्यांनी एकट्यानंच कोपऱ्यात दाताळं घातलं आणि थर ओढला. खालचं गवत पांढुरकं पडलेलं. ओलं, चिकट, दगडाखाली सापडतं तसलं. दुसऱ्या कोपऱ्यात तेच, मधेही तेच.

तात्या दाताळं धरून उभे राहिले आणि जे आधीच कळायला हवं होतं ते त्यांना आत्ता कळलं. उसाला सरी असते. पाचट सरीत पडतं, ऊस वरंब्यावर फुटतो, दोघांची आपापली जागा असते. लॉनला कुठली सरी? इथून तिथून सगळं पीकच. त्यांनी पिकावरच पाचट टाकलं होतं आणि वर पाणी मारत बसले होते. शेतात पहिल्यांदा पाऊल टाकणारा असता तरी त्यानं असं केलं नसतं. लाज वाटली, चांगलीच वाटली.

दिवसभर चार गडी लावून त्यांनी थर ओढून काढला. रंगूबाईला स्वतः बोलवायला गेले. ती आली, मूठभर उचलून नाकाला लावलं आणि टाकून दिलं. "हिरवं व्हतं तवा द्यायचं व्हतं. आता ह्याला शेळ्या तोंड लावत न्हायत्या."

साखरपुड्याच्या सकाळी दिग्विजयनं टेम्पो आणला. आत प्लॅस्टिकचं हिरवं गवत, गुंडाळ्याच्या गुंडाळ्या. "तात्या, हे अंथरू. झाकली मूठ सव्वालाखाची. पाव्हणे बघतील तर काय म्हणतील?"

तात्यांनी खाली बसून गवतात बोटं घातली. पिवळ्या काड्यांच्या बुडाशी कुठं कुठं हिरवं टोक निघत होतं. वर दिवसभर प्लॅस्टिक तापलं आणि पाचशे माणसं चालली, की हेही गेलं.

"मूठ झाकलेली चालतीय," ते म्हणाले. "गवत झाकलं की मरतंय. ऊन लागू दे."

"अवो, पण नातीचा साखरपुडा हाय! आब्रू जाईल."

"जाईल ती माझी जाईल. टेम्पो फिरव."

डाळजचे पाहुणे आले. पिवळ्या लॉनवर बैठका घातल्या होत्या, उत्कर्षा हिरव्या शालूत बसली होती. तिनं तोंड पाडलं नाही, पण एकदाही खाली बघितलं नाही, आणि तात्यांना ते लागलं. साखर वाटून झाल्यावर ऋषिराजचे वडील पायानं गवत चाचपत म्हणाले, "काय रोग पडला का हो लॉनला?"

दिग्विजय घाईनं पुढं झाला, "खत भेसळीचं निघालं..."

"न्हाय," तात्या म्हणाले. "खत चांगलं व्हतं. कापल्यालं गवत उचलायचं व्हतं, मी उचललं न्हाय. पाचटासारखं कुजवाया गेलो."

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की रडू, कुणाला कळलं नाही.

"बघा!" ऋषिराजचे वडील खुशीत येऊन आपल्या माणसांकडं वळले. "म्हणून आमी आजून पाचट जाळतोय. ही कुजवायची थेरं आपल्याला न्हाय जमत." सगळे हसले.

मुलीकडच्यांनी व्याह्यापुढं शब्द वाढवायचा नसतो. तात्यांच्या लेकानं बापाचा दंड धरला. आता तात्या सुरू होणार, जेवणं गार होणार, कदाचित सोयरीकही बिघडणार, असं समजून दिग्विजयनं डोळेच मिटले.

तात्यांनी दोन्ही हात जोडले. आवाज चढवला नाही.

"व्याहीबुवा, चूक माझी हाय," ते म्हणाले. "पाचटाची न्हाय."

एवढंच बोलले आणि पंगतीला ताटं मांडायला गेले.