स्टँड नाही

त्यांना सगळे खांब म्हणायचे. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. खांब म्हटल्यावर कोणी उंचापुरा गडी डोळ्यांसमोर आणेल, तर तसंही नाही. उंची बेताची, पोट जरा पुढे आलेलं, आणि दोन मिनिटं उभं राहायचं झालं तरी कशाला ना कशाला टेकून उभे राहणार. खांब होता तो त्यांचा हात. कॅमेरा धरला की हलायचं नाव नाही.

हे नाव दिलं होतं मोबाइलवरच्या ग्रुपने. ग्रुपचं नाव 'रविवारचे फोटोवाले'. पोटापाण्यासाठी कोणी बस चालवतो, कोणी औषधं विकतो, कोणी निवृत्त होऊन घरच्यांच्या पायात पायात करतो. पण रविवार उजाडला की सगळे गळ्यात कॅमेरे अडकवून घराबाहेर पडणार आणि जेवायच्या आत ग्रुपवर फोटो येऊन पडणार. नियम एकच. फोटोखाली सेटिंग लिहायचं: शटर किती, अॅपर्चर म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडं, आयएसओ किती आणि कॅमेऱ्याखाली स्टँड होता की नाही. मोबाइलवरून फोटो पाठवला की ही माहिती वाटेतच गळून पडते, म्हणून ती ज्याची त्याने लिहायची आणि बाकीच्यांनी तिच्यावर विश्वास ठेवायचा. सेटिंगशिवाय फोटो टाकलाच, तर हेडमास्तर तो काढून टाकायचे. हे हेडमास्तर जन्मात कुठल्या शाळेत शिकवायला गेलेले नव्हते, कापडाच्या दुकानात कापड मोजायचे. पण दुसऱ्याची चूक काढायचा सोस इतका दांडगा की नाव आपोआप चिकटलं.

खांबांच्या फोटोखालची शेवटची ओळ ठरलेली असायची. 'स्टँड नाही.' वरती शटर मात्र १/१५. म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. तुम्हाआम्हाला हा वेळ डोळ्याचं पातं लवण्याइतका वाटेल, पण तेवढ्या वेळात हात केसभर जरी हलला तरी चित्राच्या कडा फराटतात. अशा वेळी शहाणा माणूस स्टँड लावतो. खांब लावायचे नाहीत. श्वास सोडायचे, कोपर पोटावर टेकवायचे (पोटाचा तेवढा एक उपयोग, असं त्यांची बायको म्हणायची) आणि बटण दाबायचे. चित्र काचेसारखं स्वच्छ. खाली वाहवा सुरू. हेडमास्तरसुद्धा शाबासकीचा एखादा अंगठा टाकायचे.

पोटाचा धंदा म्हणाल तर फ्रेमचा. छोटं दुकान, भिंतीवर पट्ट्यांचे नमुने टांगलेले, मागच्या बाजूला काच कापायचं टेबल. काच कापायची तर हिऱ्याच्या टोकाचं पेन एका दमात ओढावं लागतं. मध्ये हात अडखळला तर काच आपल्याला हवी तिथे तुटत नाही, तिला हवी तिथे तुटते. गेल्या वर्षी एका सकाळी खांबांनी अशा तीन काचा लागोपाठ वाया घालवल्या. "माल खराब आलाय," म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांचं त्यांनाही कळत होतं. चौथ्या काचेला हात लावायच्या आधी त्यांनी आपली बोटं टेबलावर पसरून पाहिली. उजव्या हाताची बोटं आपलीआपण थरथरत होती. त्यांनी मूठ आवळली आणि खिशात घातली.

त्यानंतर आठवडाभरात बायको म्हणाली, "अहो, मला काच कापायला शिकवा ना. घरात बसून कंटाळा येतो." आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! खांबांनी आढेवेढे घेतल्यासारखं केलं, बाईमाणसाचं काम नव्हे वगैरे तोंडदेखलं बोलून घेतलं आणि पेन तिच्या हवाली केलं. ती शिकलीही झटपट. खांब गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला मोकळे झाले आणि आपण कसा सफाईने प्रश्न सोडवला म्हणून स्वतःवरच खूश झाले.

दुकानातलं निभावलं, पण कॅमेऱ्याचं काय? १/१५ ला सगळं फराटायला लागलं. मग त्यांनी शटर वाढवत नेलं. शटर जितकं झपकन उघडून मिटेल तितकी हाताची थरथर चित्रात कमी दिसते. उजेड कमी पडतो, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, चढवावा लागतो, मग चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे उमटतात. पण चित्र स्थिर येतं. एवढ्यावर थांबले असते तर काही बिघडलं नव्हतं. रविवारी फोटो टाकताना खरं शटर लिहायला त्यांची बोटं धजेनात. हात गेला म्हणजे खांब गेला, मग मागे उरणार कोण, तर पोट सुटलेला एक फ्रेमवाला. त्यांनी लिहिलं, १/१५. स्टँड नाही. दाण्यांबद्दल कोणी विचारलं तर सांगायचे, "मुद्दाम ठेवलेत. जुन्या फोटोंची मजा येते." पहिल्या रविवारी पाठवायच्या आधी दोनदा पुसलं. पुढे सवय झाली.

डॉक्टरकडे जायचं त्यांच्या मनात यायचं, आणि यायचं तसं निघूनही जायचं. डॉक्टरने त्या थरथरीला एकदा नाव दिलं की ती घरात पाय पसरून बसेल, अशी त्यांना भीती होती. खरंच भीती होती, रात्रीची झोप उडवणारी. बाहेरून मात्र सगळं आलबेल. तोंडाने तक्रार एकच, ती चहाची. वर्षभरापासून बायको त्यांना अर्धा कप चहा द्यायची. संपला की पुन्हा अर्धा. पण एकदाही कप भरून नाही. "साखर महाग झाली का दूध?" ते विचारायचे. ती म्हणायची, "गरम गरम प्यायला मिळतो ना? मग?" खांबांनी हे ग्रुपवरसुद्धा सांगितलं होतं. 'आमच्याकडे नवऱ्याला चहा हप्त्याने मिळतो.' त्यावर हसून हसून लोळणारे चेहरे आले होते.

अशात ग्रुपमध्ये एक नवी मुलगी आली. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून कॅमेरा घेतलेला, उत्साह दांडगा, फोटो मात्र हललेले. खांबांवर तिची भारी श्रद्धा. ते कधीमधी तिला मोठेपणाने सांगायचे, 'हाताला वळण लाव, पोरी. स्टँड म्हणजे कुबडी.' हे लिहिताना त्यांचा स्वतःचा अंगठा दोनदा चुकीच्या अक्षरावर पडायचा, पण ते कोणाला दिसणार?

त्या रविवारी सकाळी स्वयंपाकघरात खिडकीतून छान उजेड आला होता. बायको नळाखाली पेला धूत होती. पाणी पेल्यावर आपटून चहूकडे उडत होतं आणि थेंब न् थेंब चमकत होता. खांबांनी कॅमेरा उचलला, शटर १/१००० वर नेलं, आयएसओ आकाशाला भिडवला आणि फोटो काढला. खरंच सुरेख आला. हवेत थबकलेले थेंब, मागे तिचे ओले हात. खुशीतच त्यांनी तो ग्रुपवर टाकला आणि खाली सवयीने लिहिलं: शटर १/१५, अॅपर्चर ४, आयएसओ ४००, स्टँड नाही.

वाहवा झाली. तासाभराने त्या मुलीचा मेसेज आला.

'काका, एक नंबर! एक विचारू का? तुमचंच सेटिंग लावून मी मघापासून आमच्या नळाखाली प्रयत्न करतेय. माझं पाणी दोऱ्यासारखं येतंय. तुमचा एकेक थेंब सुटा कसा आला? माझ्याच हाताचा दोष आहे का?'

खांबांनी मेसेज दोनदा वाचला. बरोबर विचारत होती पोरगी. हात दगडाचा असला तरी पाणी कोणासाठी थांबत नाही. १/१५ ला वाहतं पाणी दोऱ्यासारखंच दिसणार. सुटे थेंब हवे असतील तर शटर कितीतरी पटीने झपकन मिटलं पाहिजे. हे ग्रुपमधल्या प्रत्येक जुन्या माणसाला माहीत होतं. फोटोनेच चहाडी केली होती. आणि ग्रुप, जो एरवी दोन मिनिटं गप्प बसत नाही, तो चिडीचूप झाला होता.

मग हेडमास्तरांचं उत्तर आलं. 'लिहिताना आकडा चुकला असेल. होतं असं. पुढे चला.'

एका शून्यासाठी लोकांचे फोटो काढून टाकणारा हा माणूस 'होतं असं' म्हणत होता! म्हणजे ओळखलं होतं त्यांनी, आणि ओळखूनही हात देत होते. खांबांना एवढंच करायचं होतं, 'हो, चुकला' म्हणून मोकळं व्हायचं. त्यांनी तसं लिहिलंही. पाठवणार तेवढ्यात मुलीचा दुसरा मेसेज आला.

'हुश्श! मी घाबरलेच होते. काका दर रविवारी एवढ्या कमी शटरला हातात धरून काढतात आणि माझं एकही धड येत नाही. वाटलं माझ्या हातातच खोट आहे. कॅमेरा विकून टाकायचं ठरवत होते. बाकीच्या फोटोंचं सेटिंग तर बरोबर आहे ना काका? त्यावरच सराव करते.'

खांबांनी लिहिलेलं एकेक अक्षर पुसलं. मोबाइल खिशात टाकला आणि ते स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसले. बायकोने चहा ठेवलाच होता. तिने कप पुढे सरकवला. अर्धा.

"अगं," ते म्हणाले, "माझा हात हलतो."

"माहीत आहे."

ती पातेलं खाली ठेवत होती. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"माहीत आहे म्हणजे? कधीपासून?"

"त्या तीन काचा फोडल्यात तेव्हापासून. माल खराब म्हणालात. त्याच मालातल्या उरलेल्या काचा मी कापल्या की नंतर. एक तरी फुटली का?"

खांब खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे तू काच कापायला शिकलीस ती..."

"मला काय कंटाळा यायला वेळ असतो होय?"

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"तुम्ही कुठे बोललात?" आता ती वळली. "मी म्हटलं, सांगतील. नवरा आहे, आज ना उद्या सांगेल."

खांबांनी मान खाली घातली. समोर कप होता. त्यांनी तो उचलला. चहा कपात या कडेकडून त्या कडेकडे हेलकावत होता, पण काठापर्यंत पोहोचत नव्हता. वर्षभर रोज दोनदा त्यांनी हे पाहिलं होतं. आपली नजर फोटोवाल्याची आहे, आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असं ते चारचौघांत सांगायचे.

"हा अर्धा कप..." ते म्हणाले.

"भरून दिला असता तर बशीत सांडला असता," ती म्हणाली. "मग तुम्ही लगेच माझ्याकडे बघितलं असतंत, हिने पाहिलं की काय म्हणून. ते मला बघवलं नसतं. त्यापेक्षा कंजूष म्हणून घेतलं."

खांबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना त्या हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची आठवण झाली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पदराने ओटा पुसला, गरज नसताना पुन्हा पुसला.

"बुधवारी डॉक्टरांकडे नंबर लावू?" तिने विचारलं.

"लाव."

मग त्यांनी मोबाइल काढला. अंगठा भलतीकडे जात होता, वेळ लागला, पण त्यांनी स्वतःच लिहिलं. 'आकडा चुकला नाही. मी खोटा लिहिला. खरं शटर १/१०००, अॅपर्चर २, आयएसओ ६४००. माझा हात थरथरतो. वर्षभराचे सगळे आकडे खोटे आहेत, त्यावर सराव करू नकोस पोरी. तुझ्या हातात काही खोट नाही. स्टँड लाव, कॅमेरा विकू नकोस.' पाठवला आणि मोबाइल ओट्यावर पालथा घातला. तो गुरगुरत राहिला, त्यांनी पाहिलं नाही.

बायको समोरच्या खुर्चीवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. चौकटीवर तिचा स्वतःचा चहा, त्यातून वाफ निघत होती. सकाळचा उजेड अजून गेला नव्हता. खांब उठले, कॅमेरा घेऊन तिच्या मागे गेले आणि कॅमेरा तिच्या खांद्यावर टेकवला.

"हे काय आता?"

"हलू नकोस. श्वास रोखून धर."

"किती वेळ?"

"सेकंदाचा पंधरावा भाग."

"इश्श! एवढ्याशासाठी काय श्वास रोखायचा?" असं म्हणाली आणि रोखून बसली.

पहिले दोन वाया गेले, कारण ती हसली. तिसरा जमला. कपाची कड किंचित फराटली होती, पण वाफ वर जाताना अगदी दिसत होती तशी उतरली होती, आणि एकही दाणा नव्हता. खांबांनी तो ग्रुपवर टाकायला घेतला. शटर १/१५, अॅपर्चर ४, आयएसओ ४००. पुढे अंगठ्याने इतक्या वर्षांच्या सवयीने लिहिलं, स्टँड नाही.

ती बसल्या जागी वळून वाचत होती. "पुन्हा खोटं?"

त्यांनी 'नाही' पुसलं आणि 'आहे' लिहिलं. ती उठली, पातेल्यात उरलेला चहा गरम केला आणि त्यांच्यासाठी आणखी अर्धा कप घेऊन आली.