रविवारची फवारणी

सबाइना कोनिली सांगते की तिनं आयुष्यात एकच मोठं पाप केलं. तेही भरदुपारी, चर्चच्या कपड्यांत, सगळ्या गावासमोर.

आमच्या या किनाऱ्यावर मातीपेक्षा दगड जास्त. सबाइनानं समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून आणून बटाट्याचे दहा वरंबे उभे केले होते. तिचं आणि तिच्या भावाचं, कोलमनचं, वर्षाचं खाणं त्या दहा वरंब्यांत. कोलमन होडीवरून पडला तेव्हापासून खुर्चीत. त्याच्याकडे काम एकच, रेडिओ ऐकायचं.

जुलैतल्या शनिवारी दुपारी तो खिडकीतून ओरडला, "सबाइना! करप्याचा इशारा दिलाय! हवा दमट, उबदार, सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर!"

"आपल्या वरंब्यांचं नाव घेतलं का त्यानं?"

"हस तू. खाडीपलीकडं ओ'मॅलींच्या पाल्यावर काल डाग दिसलेत."

मग ती हसली नाही. करपा बसला की आठवड्यात पाला काळा पडतो आणि खाली बटाटे कुजतात. फवारणीसाठी दुकानातला शेवटचा मोरचूद घेऊन आली. गोणपाटाच्या पिशवीत बांधून तो लाकडी पिपात लोंबता सोडला, दुसरीकडं धुण्याचा सोडा विरघळवला आणि हळूहळू त्यात ओतला. सुरी बुडवून बघितली. पात्यावर तांब्याची लाली नाही. म्हणजे बरोबर जमलं. शेजारच्या फेस्टी मॅनियनकडून पाठीवरचा पंप आणला. पट्टे खांद्यावर चढवले आणि पाऊस आला.

रात्रभर थांबला नाही.

मिश्रण आधीच करून ठेवायची घाई तिला नडली. असं मिश्रण दुसऱ्या दिवसापर्यंत कसंबसं टिकतं, मग तळाशी बसतं, पानाला धरत नाही. नवा मोरचूद पंधरवड्यानं येणार. आणि दुसरा दिवस रविवार. रविवारी अंगमेहनतीचं काम करायचं नाही. फादरनी वेदीवरून मोकळीक दिली तरच.

सकाळी पाऊस उघडला. फेस्टी कुंपणावर रेलून म्हणाला, "अगं, आत्ताच काढून घे बटाटे. लिंबाएवढे तरी असतील."

"पहिल्या बटाट्यांचा रविवार पुढच्या आठवड्यात आहे, मेल्या. त्याआधी काढले तर लोक म्हणतील, कोनिलींच्या घरात खायला नाही."

"काळे पडल्यावर काय म्हणतील?"

ती डोक्याला रुमाल बांधून चर्चला निघाली.

फादर टार्पी नवे, बाजारपेठेच्या गावातले. प्रवचन संपवून म्हणाले, "हवा बघता, आज गवत गोळा करायला माझी परवानगी आहे." एवढंच. सबाइना शेवटच्या आमेनपर्यंत वाट बघत राहिली, आणखी काही येतंय का.

फाटकाशी तिनं त्यांना गाठलं.

"फादर, बटाट्यांचं काय?"

"गवत भिजलं तर गुरं उपाशी राहतात, बाई."

"आणि बटाटे गेले तर मी गवत खायचं?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"काल का नाही फवारलंत?"

"काल पाऊस होता. ते खातं तुमच्याकडं."

"मग उद्या फवारा."

"उद्या पिपात गाळ उरेल. फादर, पुढच्या रविवारी अख्खं गाव बटाटे काढणार. तुम्हीच आशीर्वाद देणार. रविवारी काढलेले चालतात, आणि वाचवलेले चालत नाहीत?"

फादरनी आभाळाकडं बघितलं, मग बुटांकडं. "मला बिशपांना विचारावं लागेल."

"करप्याला सांगते, तोवर थांब म्हणून," ती म्हणाली आणि चालू लागली.

आम्ही सगळे घरी जाताना तिच्या शेताशी थांबलो. काळा चांगला झगा घोट्यापर्यंत चिखलात, पाठीवर पंप, डोक्याचा रुमाल निळ्या थेंबांनी भरलेला. ती पानं उलटी करून खालूनही फवारत होती. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. प्रार्थना होती की शिव्या, कळलं नाही. आत कुणी गेलं नाही. आमच्या घरीही बटाटे होते, पण आम्ही भिंतीच्या अलीकडंच उभे.

चौथ्या वरंब्याला ती वाकली ती सरळच होईना. तेव्हा फेस्टीनं कोट काढून भिंतीवर टाकला.

"उतरव तो पंप."

"आणि तुझ्या पापाचं काय?"

"माझी यादी लांबलचक आहे. त्यात एक वाढलं तर कुणाला कळतंय."

पाल्यावर औषध सुकायला तासभर तरी कोरडी हवा लागते. सात वरंबे दोनपर्यंत झाले. समुद्राकडचे तीन राहिले होते तेव्हा समोरच्या बेटावर ढग उतरला. खिडकीतून कोलमन ओरडत होता, "अडीच! पावणेतीन!" तेही तीन फवारून झाले आणि पाव तासात पाऊस. त्या तीन वरंब्यांवरची निळाई डोळ्यांदेखत मातीत उतरली.

मग रोज ती पहाटे पानं तपासायची आणि पुन्हा संध्याकाळी. नाकानंही, करप्याचा कुजका वास डागांच्या आधीच येतो म्हणायची. गुरुवारी समुद्राकडचे तीन काळवंडले. तिनं विळ्यानं सगळा पाला कापून दूर नेऊन टाकला. उरलेल्या सातांवर एक-दोन ठिपके होते. ते औषधाचे की रोगाचे, फेस्टीलाही सांगता येईना.

शनिवारी ती पापकबुलीला गेली. पुढचं तिनंच आम्हाला सांगितलं.

"रविवारी काम केलं, फादर."

"पश्चात्ताप होतो?"

"होतो. समुद्राकडून सुरुवात करायला हवी होती."

कबुलीच्या खिडकीत जाळीपलीकडं फादर पुढं सरकले. मग हळूच म्हणाले, "बाकीचे सात?"

"उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी कोलमननं खुर्ची दारात ओढून घेतली. सबाइनानं फावडं घातलं, एक रोप उलटवलं आणि गुडघ्यांवर बसली. बटाटा उचलून आधी हुंगला. मग अंगठ्यानं माती पुसली, नखानं साल खरवडली.

"काय गं?" कोलमन ओरडला. "बोल ना!"

"एकच रोप काढलंय अजून," ती म्हणाली. बटाटा तिनं हातातून सोडला नव्हता. "पण पातेलं ठेव चुलीवर."