रिझिकीच्या नावाची पत्रं

"वाईट बातमीचं पत्र घरात ठेवायचं नसतं, आणि हे लोक त्याला दोन भोकं पाडून फायलीत लावतात," असं मालिनी घैसास एकदा म्हणाली होती.

म्हणाली तेव्हा हसत म्हणाली होती. जर्मनीत इंगोलश्टाटला येऊन तिला चार-पाच वर्षं झाली होती. नवरा शिरीष गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर. मुलगी तनया शाळेत, मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देणारी. पुण्यात मालिनी कॉलेजात फ्रेंच शिकवायची; इथं तिच्या फ्रेंचचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. मग एका हिवाळ्यात लायब्ररीच्या फलकावर तिनं एक चिठ्ठी वाचली. फ्रेंच येणारं माणूस हवं, पगार नाही, कॉफी मिळेल.

संस्था लहानशी होती. चर्चच्या सभागृहामागची एक खोली, एक टेबल, भिंतभर फायली. कांगोतली लढाई चुकवून, टांगानिका सरोवर ओलांडून टांझानियात पळून आलेल्या लोकांची एक छावणी होती, आणि त्या छावणीतल्या शाळेत पोरांना सकाळी वाटीभर लापशी मिळायची. ती लापशी या खोलीतून शिजायची. गावातल्या एकेका माणसानं एकेक मूल वाटून घेतलं होतं, त्याच्या लापशीचे पैसे तो भरायचा; अशांना संस्था 'पालक' म्हणे. वर्षातून दोनदा मुलांची पत्रं यायची. मुलं सांगत आणि सिस्टर ओदिल नावाची कांगोतलीच एक नन ते फ्रेंचमध्ये लिहून घेई. मालिनीनं त्याचं जर्मन करायचं आणि ज्याचं त्याला पोचवायचं. हेर आमोन, संस्थेचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर, मूळ कागदाला पंच मारून फायलीत लावत. कागद नाही तर गोष्ट घडलीच नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

फ्राऊ क्रॉयत्सर यांच्या वाट्याला रिझिकी आली होती. फ्राऊ क्रॉयत्सरनी एकतीस वर्षं बेकरीच्या काउंटरमागे उभं राहून पाव विकला होता. नवरा गेलेला, मूल नाही, गुडघे कामातून गेलेले. त्यांना जिना चढवत नाही म्हणून त्यांचं पत्र मालिनी घरी नेऊन वाचून दाखवायची.

"वाढली का ती?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा.

"पत्रातून कसं कळणार, फ्राऊ क्रॉयत्सर?"

"कळतं हो. पोरं उंच झाली की वाक्यं लांब होतात. काउंटरवर बघितलंय मी. आधी नुसतं बोट दाखवतात, मग 'तो पाव' म्हणतात, आणि एक दिवस किंमत विचारतात. मग समजायचं, गेलं आता हे पोर हातचं."

दोन हजार पाचच्या जानेवारीत एका शनिवारी सिस्टर ओदिलचं पत्र आलं. कागदाच्या माथ्यावर छोटा काळा क्रूस काढलेला होता. छावणीचं फ्रेंच टपाल थेट मालिनीच्या घरी यायचं; ती आपल्या जिन्यातल्या टपालपेटीपाशी उभी होती. तिनं तिथंच ते वाचलं. शिधा निम्मा झाला आहे. पावसाबरोबर मलेरिया आला. रिझिकी तीन दिवसांच्या तापात गेली; अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं. कृपया पालकांना कळवावं.

सांगलीला, तिच्या माहेरी, असं पत्र आलं की वडील ते दारातच उभ्यानं वाचत, चार तुकडे करत, आणि पाय धुतल्याशिवाय आत येत नसत. त्यावर कुणी कधी चर्चा केली नव्हती; तांदूळ निवडावेत तसं ते होऊन जायचं. मालिनीच्या हातांनीही तेच केलं. तुकडे तिनं अंगणातल्या कागदाच्या निळ्या डब्यात टाकले, वर आली, बाथरूममध्ये जाऊन पायांवर पाणी घेतलं. पाणी बर्फासारखं होतं. पाय पुसताना तिच्या लक्षात आलं, की ते पत्र तिचं नव्हतं.

ती चपलेत पाय सरकवून धावत खाली गेली. निळा डबा महिन्यातून एकदा रिकामा करत. तो त्याच सकाळी करायचा होता. गाडी कोपऱ्यावरून वळत होती.

सोमवारी ती हेर आमोनना सांगायला गेली. ते वर्तमानपत्रावर वाकले होते. तीन आठवड्यांपूर्वी हिंदी महासागरात ती लाट आली होती, आणि सगळ्या जर्मनीचा हात खिशात गेला होता. पण तो खिसा त्सुनामीसाठी उघडला होता.

"या आठवड्यात अकरा जण सोडून गेले," आमोन म्हणाले. "वाईट माणसं नाहीत ती. त्यांनी टीव्हीवर पाणी बघितलं. आपल्या छावणीला कुणी टीव्हीवर दाखवत नाही. सावकाश होणारं मरण दिसत नाही ना."

"आपल्याकडचं एखादं मूल गेलं, तर?" मालिनीनं विचारलं.

"गेल्या वर्षी पाच गेली. आपण पालकांना कळवलं, दुसरं मूल देऊ केलं. चौघांनी नाव काढून घेतलं. पुन्हा जीव लावायचा नाही म्हणाले." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "का? काही पत्र आलंय?"

मालिनीनं टेबलावरचा पंच उचलून परत ठेवला. सांगायचं, तर ते कुठंय हेही सांगावं लागणार. एक शिकलेली बाई ऑफिसचा कागद फाडून पाय धुते, हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं?

"नाही," ती म्हणाली. "सहज विचारलं."

पुढच्या सोमवारी सांगू, असं तिनं ठरवलं. पुढच्या सोमवारी आणखी सहा जण गेले होते.

मार्चमध्ये मुलांच्या पत्रांचा गठ्ठा आला. त्यात एक जादा पत्र होतं. नेएमा नावाच्या मुलीचं, रिझिकीच्याच वयाची, रिझिकीच्याच वर्गातली. खाली सिस्टर ओदिलनं लिहिलं होतं: हिला अजून कुणी नाही, हिची वाटी मी इतरांच्या वाट्यांतून काढते, रिझिकीच्या मादामना ही चालेल का?

मालिनीनं त्या पत्राचं इमानदारीनं भाषांतर केलं. शब्द वगळला नाही, घातला नाही. नेएमाला कोंबड्या आवडत होत्या, गणित आवडत नव्हतं, आणि तिच्या धाकट्या भावाचे दात पडत होते. फक्त शेवटच्या ओळीत नाव आलं तेव्हा मालिनीनं रिझिकी असं लिहिलं. फोटो पाठवणं खर्चापायी संस्थेनं बंदच केलं होतं. सिस्टर ओदिलना तिनं उलट कळवलं, की मादामना नेएमा चालेल. फायलीतल्या यादीत जुनंच नाव राहिलं; आमोनना फ्रेंच येत नव्हतं, ते मूळ कागद न वाचताच त्या नावाखाली लावत. फ्राऊ क्रॉयत्सरची भेटकार्डं 'प्रिय रिझिकी' म्हणून येत आणि 'प्रिय नेएमा' होऊन छावणीत जात.

"भाऊ आहे तिला?" फ्राऊ क्रॉयत्सर म्हणाल्या. "कधी बोलली नाही!"

"लहान होती. सुचलं नसेल."

"बघा. वाक्यं लांब झाली की नाही?"

असं दीड वर्ष गेलं. चार पत्रं वाचून झाली. प्रत्येक वेळी फ्राऊ क्रॉयत्सरच्या स्वयंपाकघरात, डब्यातलं दूध घातलेल्या कॉफीसमोर, मालिनी एका जिवंत मुलीचे शब्द एका मेलेल्या मुलीच्या नावानं वाचत राहिली. घरी आल्यावर ती काही खात नसे.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरमध्ये आमोननी बातमी दिली. ज्या मोठ्या संस्थेकडून निम्मा वाटा यायचा, तिनं हात आखडता घेतला होता. कांगोत निवडणुका झाल्या, लोक परत जातील, मग छावणीवर कशाला खर्च, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात जायला कुणी फारसं तयार नव्हतं. वीस नवे पालक मिळाले, तर लापशी वर्षभर चालणार होती. नाही तर ईस्टरला चूल बंद.

"नोव्हेंबरात सिस्टर ओदिल येतायत," आमोन म्हणाले. "सभागृहात सभा भरवायची. तुम्ही दुभाषी. आणि फ्राऊ क्रॉयत्सरना पहिल्या रांगेत बसवायचं. त्या उठून आपल्या मुलीबद्दल विचारतील, सिस्टर सांगतील. लोकांना आकडे नको असतात, फ्राऊ घैसास. एक मूल हवं असतं."

"त्यांचे गुडघे…"

"मी गाडीतून आणतो त्यांना. जिना मी बघतो."

त्या संध्याकाळी तिनं शिरीषला सगळं सांगितलं. तो कणीक मळत होता. दर मंगळवारी पोळ्या त्याच्याकडे असत.

"म्हणजे गेली दोन वर्षं तू म्हातारीला फसवतेयस," तो म्हणाला.

"फसवत नाहीये. लापशी खरी आहे, मुलगी खरी आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. नाव तेवढं खोटं." त्यानं कणीक परातीत आपटली. "मालिनी, आमच्याकडे पार्टला चुकीचा नंबर लागला ना, तर पार्ट कितीही चांगला असो, लॉट परत येतो."

"माणसं म्हणजे पार्ट नव्हेत रे, शिरीष."

"म्हणूनच सांगतोय, आजच्या आज जाऊन सांग. शिव्या देतील, रडतील, बास. तू तिचं वाईट केलेलं नाहीस."

"आणि त्या सोडून गेल्या तर? नेएमाचं काय? आणि गावात बोभाटा झाला, तर ते वीस जण कुठून येतील?"

शिरीषनं परातीला चिकटलेली कणीक खरवडली. त्यानं गोळे करायला घेतले. तनया दारात येऊन जर्मनमध्ये म्हणाली, "मला भूक लागलीय," आणि गेली.

मालिनी गेली तशी, दुसऱ्या दिवशी. फ्राऊ क्रॉयत्सर आरशासमोर होत्या. त्यांनी नवा निळा ब्लाऊज घेतला होता, त्याची चिठ्ठी अजून बाहीला लोंबत होती. "मी फार सजले तर नाही ना वाटणार?" त्यांनी विचारलं. "ती बाई परत जाऊन रिझिकीला सांगेल, मी कशी दिसते." मालिनीनं कात्री मागितली, चिठ्ठी कापून दिली, आणि घरी आली.

नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी सभागृहात ऐंशी-एक माणसं होती. टेबलावर केक होते, आणि पालकत्वाचे कोरे अर्ज, प्रत्येकावर एक पेन. सिस्टर ओदिल ठेंगणी, दमलेली, मोठ्या कोटात बुडालेली बाई होती. कोट टांगायच्या बोळकांडीत दोघी पाच मिनिटं एकट्या सापडल्या.

"सिस्टर, मला तुम्हाला एक सांगायचंय," मालिनी फ्रेंचमध्ये म्हणाली.

सिस्टरनी तिचा हात धरला. "आधी मला सांगा, चूल राहील ना? मी निघाले तेव्हा मुलं विचारत होती. मी त्यांना हो म्हणून आलेय."

नंतर आमोन बोलवायला आले.

सिस्टर चांगलं बोलल्या. शिधा किती कमी झाला, आया मका कशा भिजवून पुरवतात, लापशीच्या वासावर मुलं शाळेत कशी येतात. मालिनी वाक्यामागून वाक्य उतरवत गेली. मागच्या रांगेत दोघांनी अर्ज ओढून घेतले. तिसऱ्यानं पेन मागितलं. मग आमोननी खूण केली, आणि फ्राऊ क्रॉयत्सर खुर्चीचा आधार घेत उभ्या राहिल्या.

"मला काही बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "मी पाव विकायचे. मला एवढंच विचारायचंय. माझी रिझिकी केवढी झाली?"

सभागृहात प्रेमळ हसू पसरलं. मालिनीनं प्रश्न फ्रेंचमध्ये सांगितला, जसा होता तसा. तेवढं तिला करावंच लागलं. नाव सगळ्यांनी ऐकलं होतं.

सिस्टर ओदिलनी आधी मालिनीकडे पाहिलं, मग फ्राऊ क्रॉयत्सरकडे.

"रिझिकी?" त्या हळू म्हणाल्या. "रिझिकी गेली, मादाम. दोन वर्षं होतील आता. मी कळवलं होतं. तुमच्याकडे आता नेएमा आहे. ती तुमची कार्डं उशाखाली ठेवते."

आणि त्या थांबल्या, दुभाषीला जागा देऊन.

माइक मालिनीच्या हातात होता. खोलीत दुसऱ्या कुणाला फ्रेंच येत नव्हतं. 'छान आहे, उंच झाली आहे.' एवढं म्हटलं की झालं. एका मुलीबद्दल ते खरंही होतं. मागे पेनं थांबली होती. आमोन मान हलवून तिला 'बोला, बोला' म्हणत होते. तिनं माइक तोंडाशी नेला. खरं वाक्य बाहेर येईना, आणि दुसरं आता तिला म्हणवेना.

थांबणं लांबलं. सिस्टर ओदिल वाट पाहून मंचावरून उतरल्या, फ्राऊ क्रॉयत्सरच्या समोर गेल्या, आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन त्यांनी डोकं खाली केलं.

फ्राऊ क्रॉयत्सरच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर तसंच राहिलं. मग त्यांनी त्या वाकलेल्या डोक्याकडे पाहिलं, आणि तिथून वर, मालिनीकडे.

"फ्राऊ घैसास," त्या म्हणाल्या, "काय म्हणतात त्या?"

मालिनीनं माइक टेबलावर ठेवला. रांगांमधून वाट काढत ती शेवटपर्यंत गेली, दार ढकललं, आणि कोट न घेता बाहेर पडली.