दिवे घाट, तिसरा गिअर

आमची हडपसरला छोटी नर्सरी आहे. मोठी रोपं सासवडच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडून आणतो. नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं कायमचं बंद केलं, तेव्हा वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पिकअप माझ्या हातात आली. सपाट रस्त्यावर मी महिनाभरात तयार झाले. घाटाचं मात्र तसं नव्हतं.

पहिल्यांदा भरलेली गाडी घेऊन दिवे घाट उतरले, ती सगळा वेळ ब्रेकवर पाय ठेवूनच. मागे आंब्याची ऐंशी कलमं, प्रत्येक पिशवीत ओली माती. निम्म्या घाटात जळका वास यायला लागला. पुढच्या वळणावर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. कशीबशी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागे दगड लावला. बाजूने जाणारा एक टेम्पोवाला ओरडला, "बाई, ड्रायव्हर ठेवा!" जळका वास जाईपर्यंत तासभर तिथेच बसून राहिले, मग हळूहळू खाली आले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. बत्तीस वर्षं एसटीची लाल बस चालवून निवृत्त झालेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "गाडीला एक्झॉस्ट ब्रेक आहे का?"

"तो काय असतो?"

"चला, बाईसाहेब. स्वतःच्या गाडीची ओळख करून घ्या."

स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक खटका होता. गाडी जुनी घेतलेली. तो खटका बंद पडलाय असं मी धरूनच चालले होते. काका म्हणाले, "हा दाबला की इंजिनाचा धूर आतच कोंडतो, आणि इंजिनच गाडीला मागे ओढतं. पण अ‍ॅक्सिलरेटर आणि क्लच, दोन्हींवरून पाय काढायचा. आणि ज्या गिअरात घाट चढतेस, त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक थांबण्यासाठी असतो, उतरण्यासाठी नाही."

त्यांनी आधी ओळखीच्या मेकॅनिककडून तो खटका आणि ब्रेक दोन्ही तपासून घेतले. पुढच्या खेपेला स्वतः शेजारी बसले. घाटमाथ्यावरच मी तिसरा टाकला आणि खटका दाबला. बॉनेटखालून जाड घुर्र असा आवाज आला आणि गाडी कुणी मागून धरून ठेवल्यासारखी हळू झाली. सवयीने पाय ब्रेककडे गेला.

"पाय!" काका म्हणाले.

काढला. मागची एक कार हॉर्न वाजवत होती.

"वाजवू दे. त्याच्या गाडीत ऐंशी झाडं आहेत का?"

अवघड वळणाआधी तेवढा ब्रेक दाबायचा, सोडायचा, बाकी काम इंजिनाचं. मध्येच पुढचा ट्रक अचानक थांबला. मी ब्रेक दाबला. पेडल वरच्या वर, घट्ट लागलं. गाडी ट्रकपासून चांगली चार हात लांब उभी राहिली. त्या क्षणी ऊर भरून आला, पण काका समोर बघत होते, म्हणून मीही समोरच बघत राहिले.

घाट संपल्यावर वडकीला गाडी थांबवली. काका उतरले, मागच्या चाकाजवळ वाकले, आधी हात जवळ नेऊन अंदाज घेतला आणि मग तळवा सरळ ब्रेकच्या ड्रमवर टेकवला. नुसता कोमट होता, ब्रेक तापलाच नव्हता. कुणाचंही कौतुक न करण्याबद्दल आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांची ख्याती आहे. ते म्हणाले, "हं. आता मी कशाला येऊ?"

खरंच, नंतर ते कधी आले नाहीत.

गेल्या महिन्यात घाटात एक भरलेली पिकअप उभी दिसली, चाकांतून धूर. माझ्याच वयाचा ड्रायव्हर ड्रमवर पाणी ओतायला निघाला होता. मी गाडी थांबवून त्याला अडवलं. "दादा, तापलेल्या ड्रमवर पाणी नको, तडकेल. असाच गार होऊ द्या." मग त्याच्या केबिनमध्ये वाकून पाहिलं. खटका तिथेही होता.

"हे कशाचं आहे, माहितीये?" मी विचारलं.

"नाही बा."

मी माझ्या गाडीच्या हौद्यातल्या रोपांना पाणी शिंपडलं, पदर खोचला आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं.