मुक्या घाट्या

रिठद गावात कोणाच्या घरी माणूस मेलं का त्या घरच्या बैलाच्या घाटीची जीभ काढतात. घाटी म्हंजे बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा, अन् जीभ म्हंजे तिच्या पोटात लटकते तो लोखंडाचा तुकडा. घरात दुःख बसलेलं असताना बैलानं वाजत येऊ नये, एवढंच. वर्षश्राद्ध झालं का घरच्यानंच आपल्या हातानं ती जीभ वापस बसवायची. मंग घरात बोलणं-हासणं मोकळं.

गोजराबाईनं ती बसवलीच नाही.

बाई अनसिंगची. लग्न होऊन उकंडरावच्या घरी आली तवा तिले मेथीची जुडी बांधता येत होती, दुसरं काही नाही. उकंडराव घाट्या ओतायचा. पण नुसती ओतलेली घाटी म्हंजे वाटी. तिले आवाज बसवा लागते. ते काम सासूनं गोजराबाईच्या हातात देलं. कानस घ्यायची, घाटीच्या ओठाले आतून घासायचं, दांडीनं ठोकायचं, कान लावायचा, पुन्हा घासायचं. उजव्या बैलाले जाड आवाज, डाव्याले बारीक, म्हंजे अंधारात बी कळते का जोडी सरळ चालून राह्यली. कोणी जास्त नखरे केले का ती तोंडावर सांगे, "तुह्या बैलाले कोकियेचा आवाज पायजे काय गा? बैल हाय का नवरी?" गिऱ्हाईक हासे अन् ती देईन ती घाटी घेऊन जाये.

तिचा पोरगा हरीओम. एकुलता एक. त्याच्या लग्नात तिनं त्याच्या डाव्या बैलासाठी एक घाटी केली. आतून कानशीचे तीन ओरखडे मारले अन् तिसऱ्यावर हात थांबवला. तसा आवाज तिले पुन्हा साधला नाही. हरीओमची बैलांची बंडी वावराच्या पांदणीत असली तरी घरात कळे. ती चुलीवर तवा ठेवे.

त्या दिवशी बी तिनं तवा ठेवला. घाटी वाजत आंगणात आली. तिनं वर न पाहताच म्हटलं, "हातपाय धू, गरम हाय भाकर." कोणी आत आलं नाही. बाहेर येऊन पाह्यते तर बैल उभे, बंडी रिकामी. वावरातल्या पळसाखाली हरीओमवर वीज पडली होती. बैल तेवढे घरचा रस्ता धरून आले होते.

माणसं वावराकडं पळाली. ती पळाली नाही. तिनं पक्कड घेतली अन् आधी त्या घाटीची जीभ उपटली.

तेव्हापासून घाटी खुंटीले. वर्ष सरलं, श्राद्ध झालं, सोयरे जेवून गेले. हरीओमची बायको वैष्णवी माहेरी गेली नव्हती, इथंच राह्यली होती, भाजीचं वावर सांभाळत. श्राद्धाच्या सांजेले ती खुंटीकडं पाहून राह्यली. गोजराबाईनं पाठ फिरवली. विषय तिथंच संपला.

आता गजेंद्रचं. रिसोडात त्याचं बैलाच्या साजाचं दुकान. झुली, गोंडे, घुंगरं, घाट्या. उकंडरावचा सारा माल तोच उचले. माणूस वाईट नाही, पण दावणीले कधी बैल बांधला नाही त्यानं. एक दिवस आला अन् खाटेवर बसून सांगू लागला, "काका, तिकडं सरहद्दीपार नेपायात कारखाना पाह्यला म्या. तुमी वर्षभर ओतता तेवढा माल ते आठवड्यात देतात. आपल्याले फक्त सॅम्पल पाठवा लागते. घरातली सगळ्यात चांगली घाटी द्या मले."

उकंडरावचे हात पोरगा गेल्यापासून भट्टीत लागतच नव्हते. गोजराबाई वांगे तोडाले गेली होती. त्यानं खुंटीवरची घाटी काढली अन् देली. चांगली तीच होती, हे खरं. पण दोन वर्षं तो त्या खुंटीखाली झोपत होता अन् त्याले झोप नव्हती, हे बी खरं. गजेंद्रनं ती रुमालात गुंडाळली. हलवून बी पाह्यली नाही.

सांजेले गोजराबाईनं खुंटी पाह्यली.

"कुठं हाय?"

"गजेंद्रले देली. नेपायात गेली. येईन वापस."

"पोराले बी पाठवलं असतं मंग पार्सलनं," ती म्हणाली. त्यानंतर ती नवऱ्याशी होळी होईपर्यंत बोलली नाही.

पोळा जवळ आला तवा गजेंद्रचा टेम्पो आंगणात येऊन थांबला. गजेंद्रचं तोंड उतरलेलं. त्यानं एक पोतं खाली ओढलं. एकेक घाटी फोमात गुंडाळलेली. त्यानं एक सोडली, गोजराबाईच्या समोर धरली अन् जोरजोरानं हलवली.

काहीच वाजलं नाही.

"सगया अशाच हायेत काकू. आत कडी हाय, जीभ नाई. सगया पोत्यात. म्या फोन केला तर कारखानेवाला म्हणते, जैसा सॅम्पल वैसा माल. आपने ही बोला था, बाल बराबर फरक नहीं चाहिए."

उकंडराव खाली पाहू लागला. त्याच्या आता ध्यानात आलं. गजेंद्रले कोणी सांगितलंच नव्हतं का ती घाटी सुतकाची हाय.

"तुमच्या गावातल्या गोपीचंदनं न पाहता घाट्यांची जोडी नेली," गजेंद्र सांगत होता. "बैल त्याच्या मायच्या मागं येऊन उभा राह्यला, आवाजच नाई. म्हातारीनं पाह्यलं अन् बोंबच मारली, आपल्या घरचं कोन गेलं मनून. आता तो माह्या दुकानासमोर शिव्या देऊन राह्यला."

गोजराबाईनं त्याच्या हातातून घाटी घेतली. उलटी केली. आत बोट फिरवलं अन् बोट तिथंच थांबलं. तीन ओरखडे. तिनं पोत्यात हात घातला, दुसरी काढली. तीन. अजून एक. तीनच. तिचाच हात, तिचीच कानस, अन् तिसऱ्यावर थांबलेली. तिनं पोरासाठी एकदाच केलेली गोष्ट कोण्या परक्या मुलखात, कोण्या परक्या माणसानं, भट्टीतून पुन्हा पुन्हा काढली होती. टेम्पो भरून हरीओमचं सुतक आलं होतं.

"जिभा बसवून द्या काकू. तुमच्याबिगर कोनाले जमत नाई. नाईतर मले सारं भंगारात द्या लागते."

"दे."

"काकू, असं काहून..."

"दे मनलं ना! वितयव सारं भट्टीत. एक बी ठेवू नको."

वैष्णवी ओल्या हातानं घरातून बाहेर आली. तिनं सारं ऐकलं होतं. तिनं पोत्यातली एक घाटी उचलली, पदरानं पुसली अन् सासऱ्याले म्हणाली, "मामाजी, सयई कुठं हाय?"

"ठेव ते खाली," गोजराबाई म्हणाली.

"नाई ठेवत. आत्याबाई, तुमी त्याची घाटी बंद केली. मले इचारलं? माह्या बी घरात वाजे ते. वर्ष झालं, मनलं आता बसवतीन. दोन झाले. मी रोज सांजेले कान देऊन बसतो, अन् घरात कसं वाटते मालूम हाय? जसं मीच मेलो."

 असं गोजराबाईले कोणी बोललं नव्हतं.

वैष्णवीनं सळई तोडली, ठोकून वाकवली, कडीत अडकवली. हलवली. थड्डकन् वाजलं, फुटक्या डब्यासारखं. तिनं पुन्हा हलवली. पुन्हा थड्ड. तिचे डोळे भरले, पण हात थांबेना. गोजराबाईच्यानं तो आवाज ऐकवेना. दुःख एक वेळ सोसलं असतं तिनं, पण अशी घाटी तिच्या आंगणात कधी वाजली नव्हती.

"लांब झाली तुही. ओठाले लागली पायजे, पोटाले नाई. आन इकडं."

तिनं जीभ काढली, आखूड केली, टोक ठोकून गोल केलं, अडकवली. अन् थांबली. तिच्या दुसऱ्या हातात कानस होती. ओठावर एक चौथा ओरखडा मारला असता तर आवाज बदलला असता, मंग ती घाटी कोणाचीच नव्हती. कानस ओठापर्यंत गेली. वैष्णवी नुसती पाहून राह्यली. गोजराबाईनं कानस खाली ठेवली अन् घाटी हलवली.

गोठ्यात डावा बैल बसला होता, म्हातारा झालेला. तो उठला. दाव्याले हिसका देऊन त्यानं तोंड पांदणीकडं केलं अन् कान उभे करून तसाच राह्यला, जसं तिकडून कोणी येणार हाय. गजेंद्रनं बी वळून पांदणीकडं पाह्यलं. उकंडराव भिंतीले टेकून खाली बसला.

"हाच," वैष्णवी म्हणाली. "हाच होता."

गोजराबाईनं दुसरी घाटी उचलली. "सयई तोडून दे मले," ती नवऱ्याले म्हणाली. "बसू नका असे."

पोळ्यापर्यंत तिघं तेच करत राह्यले. प्रत्येक घाटी एकदा वाजवूनच पोत्यात जाये, अन् प्रत्येक वेळी गोठ्यातला बैल कान उभे करे. पह्यल्या दिवशी गोजराबाई दर आवाजाले आंगणाच्या तोंडाकडं पाहे. मंग तिनं तोंड तिकडंच करून बसाले सुरुवात केली.

पोळ्याच्या सांजेले मारोतीसमोरचं तोरण तुटलं अन् त्याच घाट्या बांधलेल्या जोड्या घरोघरी निघाल्या. साऱ्या गावात एकच आवाज, गल्लीगल्लीतून, घराघरातून. गोजराबाई दारात पाण्याचा लोटा अन् नैवेद्याचं ताट घेऊन उभी. जोडी आली का बैलाच्या पायावर पाणी घाले, कपाळाले कुंकू लावे, पुरणपोळी चारे. अन् मंग बैलाच्या मागं पाहे. मागं माणूस असला का त्याच्या तोंडाकडं नीट पाहे.

गोपीचंद जोडी घेऊन आला तर त्याचा तिनं दंडच धरला.

"काय पाहून राह्यल्या काकू?"

"तूच होय ना?"

"मंग काय माहं भूत?" तो हासला. तिनं दंड सोडला नाही, तवा त्याचं हासणं गेलं. "मीच हाव काकू," तो हळूच म्हणाला. "धरून पाहा ना."

तिनं त्याच्या हातात पोळ्याच्या बोजाऱ्याचे पैसे ठेवले अन् सोडलं. असं तिनं एकूण एक माणसाचं केलं. कोणी बाजूले जाऊन म्हणे, म्हातारी सरकली. म्हणो. ज्याच्या घरी रिकामी बंडी आली नाही त्याचं बोलाले काय जाते.

जोड्या सरल्या. अंधार पडाले लागला. वैष्णवी म्हणाली, "चला आत, सगये आले."

"सगये कुठं आले? आयकू नाई येत तुले? ते रिसोडच्या रस्त्यानं."

वैष्णवीनं कान देला. आवाज येत होता. बारीक, दुरून, पण तोच. गजेंद्रनं घाट्या पार अनसिंगपर्यंत इकल्या होत्या, कोणाचे बी बैल असतीन ते. आता हे रोजच सांजेले असंच राहणार, हे दोघींले बी समजलं. सासूनं दार लोटलं नाही. वैष्णवी आत गेली, लोटा पुन्हा पाण्यानं भरून आणला, अन् उंबऱ्यावर तिच्या जवळ बसली.