जनरेटर व्हॅनमागची फेरी

भोरमध्ये आमचा सत्कार झाला तेव्हा शाल एकच होती. यात आयोजकांचा फारसा दोष नव्हता. सिनेमाला दिग्दर्शक एक असतो, या समजुतीने त्यांनी तयारी केली होती, आणि बाया दोन आहेत हे त्यांच्या लक्षात आलं तोवर आम्ही दोघी व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होतो. मग ऐन वेळी वाटणी झाली. शाल तिला, नारळ मला. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, कारण अशी वाटणी आम्ही पूर्वीही अनेकदा केली होती. प्रमुख पाहुण्यांनी आम्हाला ‘तालुक्याच्या या दोन भगिनी’ म्हटलं. आम्ही बहिणी नाही, आणि ती तर शेजारच्या वेल्हे तालुक्याची. दर चार वाक्यांनी सूत्रसंचालक ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ म्हणत होता, आणि लोक बिचारे त्या वाजवत होते.

मी सत्कारासाठी आले नव्हते. ती येणार होती म्हणून आले होते. माझ्याकडे नव्या सिनेमाची पटकथा होती, पैसे घालायला तयार असलेले एक निर्माते होते, आणि या जोडीने एके काळी बरं काम केलं होतं हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांना पडद्यावर दोघींची नावं हवी होती. मला ती स्वतः हवी होती. बरीच वर्षं ती विंझरच्या पुढे आपल्या गावात राहत होती, आईला सांभाळत होती आणि भावाबरोबर भातशेती बघत होती.

आमची ओळख भोरच्या कॉलेजातली. मी किकवीहून एसटीने यायचे, ती इकडे मावशीकडे राहायची. एका एकांकिकेत दोघींनाही काम मिळालं नाही, म्हणून दोघींनी मिळून ती बसवली. आमच्या दिग्दर्शनाची सुरुवात एवढीच उदात्त आहे. पुढे पुण्यात, मग मुंबईत, दुसऱ्यांच्या हाताखाली उमेदवारी केली, आणि हळूहळू लोक आम्हाला एकत्रच बोलावू लागले. मॉनिटरपुढे दोन खुर्च्या असत, ती डावीकडे, मी उजवीकडे. युनिटने आमचं बारसं ‘डाव्या मॅडम’ आणि ‘उजव्या मॅडम’ असं केलं होतं.

आमचा एक नियम होता. युनिटसमोर भांडायचं नाही. एखाद्या शॉटवरून मतभेद झाला की आम्ही उठायचो, जनरेटर व्हॅनच्या मागे जायचो आणि एकमत होईपर्यंत तिच्याभोवती फेऱ्या मारायचो. त्या यंत्राच्या आवाजात कितीही ओरडलं तरी कुणाला ऐकू जात नसे. लाइटवाले म्हणायचे, ‘मॅडम फेरीला गेल्या, चहा सांगा.’ परत आलो की दोघींचं म्हणणं एकच असे, आणि गंमत म्हणजे जाताना ते दोघींपैकी कुणाचंच नसे.

आमचा पहिला सिनेमा वेल्ह्यात केला. एका घरात राहणाऱ्या, एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन जावांची गोष्ट होती. शेवटी त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं. तिचं म्हणणं, अजिबात नाही. भाताची झोडणी चाललेली, सूर्य कलायला आलेला, कॅमेरामन आभाळाकडे बघतोय, आणि आम्ही खाचराच्या बांधावरून गोल फिरतोय, कारण त्या दिवशी जनरेटर आणलाच नव्हता. कधी तरी फिरता फिरता ती थांबली आणि माझ्या केसांत अडकलेलं भाताचं काड तिने सहज काढून टाकलं. तिचं बोलणं चालूच होतं, मी मात्र तिच्या हाताकडे बघत राहिले. मग तिलाही कळलं. आम्ही तसंच चित्रित केलं. थोरली जाऊ धाकटीच्या केसांतलं काड काढते आणि पुन्हा पेंढी उचलते. आमच्याबद्दल कुणी काही चांगलं लिहिलं असेल तर ते त्या काडाबद्दल आहे.

त्या सिनेमाने आम्हाला नाव दिलं आणि नावाने मालिका दिली. रोजची मालिका. त्या मालिकेविषयी मी कडवट बोलणार नाही, तिच्यावर माझं घर उभं आहे. पण रोज संध्याकाळी काही तरी दाखवावंच लागतं म्हटल्यावर फेरीला वेळ कुठला? आधी फेरी अर्धी झाली. मग आम्ही मेकअप रूमच्या दारापर्यंत जाऊन परत येऊ लागलो. मग नुसतं एकमेकींकडे बघायचो. आणि मग एक वाक्य आलं, ‘तू म्हणशील तसं.’ आधी कोण म्हणालं ते आठवत नाही, बहुधा एकाच आठवड्यात दोघीही. सगळ्यांना बरं वाटलं. चॅनेलचे लोक म्हणाले, किती छान समजूत आहे तुम्हा दोघींत. मालिका लोकप्रिय झाली, आणि तिच्यातला एकही प्रसंग आज मला सांगता येणार नाही.

ती गेली तेव्हा भांडण वगैरे काही झालं नाही. आई आजारी आहे म्हणून सुटी घेतली. सुटी संपल्यावर फोन करून म्हणाली, ‘तिथं दोन खुर्च्या कशाला पाहिजेत गं? एकीत भागतंय की.’ खरंच भागत होतं.

तर ही नवी पटकथा. एसटीत कंडक्टर असलेल्या एका बाईची गोष्ट. मी ती तिला सत्काराआधीच मोबाईलवर पाठवली होती, आणि तिच्यात मुद्दाम एक प्रसंग घातला होता. बाई ग्रामसभेत उभी राहते, मोठं भाषण करते आणि सारं गाव उठून टाळ्या वाजवतं. मला चांगलं माहीत होतं की हा प्रसंग खोटा आहे. असाच एक प्रसंग पूर्वी कुणी तरी आमच्या गळ्यात मारू पाहत होतं, तेव्हा ती म्हणाली होती, ‘टाळ्या वाजवाय दोन्ही हात मोकळे कुणाचे असत्यात हितं?’ तो प्रसंग वाचून ती भडकेल, मला शिव्या देईल, आणि शिव्या देत देत कामाला लागेल, असा माझा हिशेब होता.

सत्कार संपल्यावर तिला गाडीतून घरी सोडायला निघाले. कामथडीपर्यंत ती भाताच्या बियाण्याबद्दल बोलली, नसरापूरला चहा घेतला, विंझर मागे पडलं तरी सिनेमाचा विषय नाही. शेवटी मी एका खाचराशेजारी गाडी उभी केली आणि पाय मोकळे करू म्हटलं. आम्ही गाडीभोवती चालू लागलो. शाल तिने घडी करून काखेत धरली होती.

मी विचारलं, ‘वाचलंस का?’

‘दोनदा वाचलं. चांगलं झालंय.’

‘आणि ग्रामसभा?’

ती जरा थांबली. गाडीच्या टपावर पडलेलं एक पान तिने उचलून खाली टाकलं. मी वाट बघत होते.

‘चांगली हाय की,’ ती म्हणाली.

‘खरंच वाटतं तुला?’

‘तू म्हणशील तसं, बाई.’

आमची एक फेरीही पुरी झाली नव्हती. मी निर्मात्यांची अट सांगितली. तिने लगेच मान डोलावली. ‘लाव की माझं नाव. नावाला काय लागतंय?’ मग आईचं औषध वेळेवर द्यायचं असतं म्हणून ती गाडीत जाऊन बसली. घराच्या दारात उतरताना शाल मला देऊ लागली, म्हणाली, मुंबईत तुला एसीत उपयोगी पडेल. मी तिला नारळ दिला. सत्काराची वाटणी उलटी झाली, एवढंच.

ते आमिष होतं हे तिला कळलं असेल का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कळलं असेल तर तिने मला नकार दिला. कळलं नसेल तर त्याहून वाईट.

सिनेमाचं चित्रीकरण गेल्या महिन्यात तिच्याच तालुक्यात झालं. क्लॅपच्या पाटीवर दोघींची नावं असल्यामुळे युनिटने मॉनिटरपुढे दोन खुर्च्या मांडल्या. डावीवर माझी पर्स राहिली. ग्रामसभेचा प्रसंग काढून टाकायचं मी रोज ठरवत होते, पण निर्मात्यांना नेमका तोच आवडला होता. पहिल्याच टेकला ओके झाला. आसपासच्या गावांतून आणलेल्या माणसांनी सांगितल्याबरोबर टाळ्या वाजवल्या, आणि मग युनिटनेही. मी उठून जनरेटर व्हॅनच्या मागे गेले. एक फेरी मारली, दुसरी मारली. परत आले तेव्हा कुणी तरी चहा सांगून ठेवला होता, दोन कप.