हबीबचाचांची पाण्याची वाटी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी पाटोद्याच्या हबीबचाचांचं नाव घेतो. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा, सलीमचा फोन आला. "अब्बा गेले रे..." एवढंच बोलला. मातीला पोचलो. दुसऱ्या दिवशी सलीमने चाचांच्या मापाच्या वहीत जपून ठेवलेलं माझंच एक पत्र माझ्या हातात दिलं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून चाचांच्या टेलरिंगच्या दुकानात काज-बटण, यावर माझं बी.ए. चाललं होतं. एका वर्षी शाळेच्या गणवेशांची घाई असतानाच माझे गाल सुजले. काम सुटलं तर कॉलेज सुटेल, या भीतीने मी तोंडाला रुमाल गुंडाळून बसलो. सुईत ओवायचा दोरा आम्ही सगळेच जिभेवर ओला करायचो. मी ओवलेली सुई शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या विठ्ठलला द्यायचो, त्या दिवशीही दिली...

"रुमाल सोड बे," चाचा म्हणाले.

"दाढ दुखतीय, चाचा."

"दोन्हीकडची एकदमच दुखती व्हय?"

सगळ्यात मोठ्याने विठ्ठल हसला. डॉक्टरांनी गालगुंड सांगितलं, थुंकीतून पसरतं म्हणून घरी राहायला सांगितलं. मी रडकुंडीला आलो. चाचांनी माझ्या स्टुलावर कापड अंथरलं.

"तू बरा होईस्तोवर हितं कोण बसणार न्हाई. पर लपवलंस कावून? मी हाकलीन असं वाटलं?"

मी मान डोलावली.

"मंग चूक माझी हाय," ते म्हणाले.

परत आलो तेव्हा प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची एकेक छोटी वाटी होती, दोरा भिजवायला. त्याच आठवड्यात विठ्ठलचे गाल सुजले. माझ्यामुळेच. त्याने मात्र सकाळीच येऊन दारातूनच चाचांना सांगितलं आणि घरी गेला. त्याच्याही स्टुलावर कापड पडलं.

दुकानात त्या वाट्या आजही भरलेल्या असतात. सलीमने दिलेलं पत्र मी नोकरी लागल्यावर लिहिलं होतं...

"हबीबचाचांना सलाम. इथे ऑफिसात सगळे जिभेला बोट लावून फायली उलटतात. मी माझ्या टेबलावर पाण्याची वाटी ठेवली. आधी लोक हसले, आता चौघांनी आपापली आणली आहे. आज मला ताप आहे, खोकलाही आहे. सकाळी साहेबांना खरं ते सांगितलं आणि घरी राहिलो. माझी खुर्ची कुणी घेईल, अशी भीती वाटली नाही, चाचा."